वरच्या मजल्यावरच्या काकांनी नापास केलेल्या सभा

पिंपरीपासून तळेगावापर्यंत दारू पिणारे पुष्कळ होते, पण दारू सोडण्याच्या बाबतीत आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतका चोखंदळ माणूस त्या पट्ट्यात झाला नाही. तुमची आई तेव्हा शाळेत जायची आणि आम्ही चिंचवडला कंपनीच्या वसाहतीत राहायचो. काका त्याच कंपनीत तपासनीस होते. लेथवरून उतरलेला प्रत्येक भाग त्यांच्या टेबलावर यायचा. ते तो मोजायचे, उजेडाकडे धरायचे आणि केसभर फरक दिसला तरी लाल खडूने फुली मारून परत पाठवायचे. ही सवय कंपनीच्या फाटकाशी थांबत नसे. आमच्याकडे चहाला आले की आधी कपाचा कान हलवून बघायचे. भाजीवाला तर त्यांना लांबून पाहिलं की भेंडीवर गोणपाट टाकायचा. बाटलीत मात्र त्यांना कधी दोष सापडला नाही.

शेवटी काकू कंटाळल्या आणि मुलीला घेऊन तळेगावला माहेरी निघाल्या. जाताना जिन्यात थांबून, माझ्यादेखत त्यांना म्हणाल्या, "डॉक्टर सांगतात तसल्या दारू सोडणाऱ्यांच्या सभेला जा. एका तरी ठिकाणी टिकून दाखवा, मग मला न्यायला या." म्हणजे संसार परत हवा असेल तर सभा शोधणं भाग होतं. काकांनी ती शोधायला घेतली, पण सुटे भाग तपासावेत तशी.

खडकीची सभा चहावरून नापास झाली. "दारू सोडायला आलेल्या माणसाला एवढा पाणचट चहा देणं हा विश्वासघात आहे," असं ते गंभीरपणे म्हणाले. देहूला काही मंडळी भजन करत व्यसन सोडत; तिथून काका मधूनच उठून आले. "वहिनी, पेटी एका पट्टीत आणि बुवा भलत्याच. ते ऐकून न पिणारासुद्धा प्यायला लागेल." तळेगावच्या सभेसमोर पानाची टपरी होती आणि टपरीवर त्यांचा मेहुणा. पिंपरीत एक निवृत्त गृहस्थ असं लांबलचक भाषण करायचे की ऐकणारे थेट गुत्त्यावर जायचे. उरली आमच्या घराजवळची, चिंचवडच्या शाळेतली. तिच्यात काय खोट, असं मी विचारलं तेव्हा काका प्रथमच पुटपुटले, "तिथं लेथवरची पोरं येतात. रोज ज्यांच्या कामावर मी फुली मारतो, त्यांच्यासमोर उभा राहून स्वतःवर मारू?"

मग एक दिवस ते उड्या मारत खाली आले. पुण्यात कॅम्पात चर्चच्या आवारात एक सभा भरते, सगळी इंग्रजीत. काकांना इंग्रजी मापांपुरतं येत होतं, पण हीच त्यांच्या मते तिची खुबी होती. "मला कुणी ओळखत नाही, मला कुणाचं कळत नाही. पास," ते म्हणाले. फक्त बोलायची वेळ आली तर दुभाषी हवी, आणि मी शाळेत इंग्रजी शिकवायची. तुमचे आजोबा म्हणाले, "जा, शेजारधर्म आहे."

गेलो. काकांची पाळी आली तसे ते उभे राहिले, पण मान खाली आणि आवाज फक्त मला ऐकू येईल इतका. मी शेजारी ताठ उभी राहून, वर्गात सांगते तसं, खणखणीत आवाजात एकेक वाक्य सांगू लागले. अनुवाद जसाच्या तसा करावा या मताची मी, तेव्हा "मी कॉलेज सुटल्यापासून पिते" इथपासून सुरुवात झाली. कामावर पिऊन गेले, भिंत धरून जिना चढले, शेजाऱ्यांचं दार आपलं समजून बडवलं, सगळं मी सांगितलं. ते दार आमचंच होतं. पुढच्या रांगेतल्या एक फ्रॉकवाल्या आजीबाई डोळे पुसू लागल्या, मग टाळ्या झाल्या, आणि मला काही सुचायच्या आत त्यांनी मला घट्ट मिठी मारली. त्यांच्या खांद्यावरूनच मी काकांचं पुढचं वाक्य सांगितलं, "माझी बायको माहेरी निघून गेली." तिथे मात्र हॉलचा फार गोंधळ उडाला. काकांना इंग्रजी कळलं नाही, पण झालेला प्रकार कळला, आणि ते खुर्चीचा आधार घेऊन हसू लागले. काकू गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. घरी आल्यावर तुमच्या आजोबांनी विचारलं, "काय झालं?" मी सांगितलं, "मी दारू सोडली."

पुढे कितीतरी रविवार आम्ही जात राहिलो. काका प्यायचे नाहीत, सभेला दोष द्यायचे नाहीत. मी म्हटलं, "आता काकूंना आणायला जा." एकदा परतताना स्टेशनवर ते म्हणाले, "वहिनी, तुमच्या इंग्रजीत माझं आयुष्य फार सभ्य वाटतं. दुसऱ्याच कुणाचं असावं असं. पण हिला इंग्रजी येत नाही."

पुढच्या आठवड्यात त्यांनी तळेगावला काकूंना निरोप धाडला आणि ते चिंचवडच्या शाळेतल्या सभेला गेले. मी आणि काकू मागच्या बाकावर बसलो. काका दारात घुटमळले तसा लेथवरचा एक धिप्पाड गडी ओरडला, "या सायेब. आज आमी तुमाला तपासतो. बसा राव, खडू न्हाई आणला." सगळे हसले, काकाही हसले, आणि मग उभे राहून बोलले. तेच सगळं, पण मराठीत, आणि मुलीच्या वाढदिवसाला काय केलं तेही, जे त्यांनी मला कधी सांगायला दिलं नव्हतं. मला काही काम नव्हतं. हात मांडीवर ठेवून मी ऐकत होते.

काकू हळूच मला म्हणाल्या, "हे सगळं मला माहीत होतं. त्यांना माहीत आहे, हे माहीत नव्हतं." त्या संध्याकाळी त्यांनी तळेगावची गाडी धरली नाही.

त्यानंतर काका कधीच प्यायले नाहीत असं लिहिलं तर ते खोटं होईल. अधूनमधून घसरले, आणि घसरल्याच्या दुसऱ्या दिवशी न चुकता त्याच शाळेत जाऊन बसले. काकू सोबत असायच्या. मी खिडकीतून बघायची: काका भराभर पुढे जायचे, कोपऱ्यावर थांबायचे, आणि काकू येऊन पोहोचेपर्यंत तिथेच उभे राहायचे. दोघांनाही जाऊन आता बरीच वर्षं झाली. काकू आधी गेल्या. नंतरही काका सभेला जायचे, आणि त्या कोपऱ्यावर आल्यावर थोडा वेळ थांबायचे.