अक्कांच्या माडीवरची हार्ड डिस्क

आम्ही जुने मित्र भेटलो की राजाजीनगरच्या घराचे किस्से निघतातच. एकाचा संपत नाही तोवर दुसऱ्याला आठवतो.

नव्वदच्या दशकात नोकरीसाठी कानडी मुलखात आलेलो आम्ही तिघं तिथं माडीवर भाड्याने राहायचो. खाली मालक नवरा-बायको, अण्णा आणि अक्का, मूळचे निपाणीकडचे. नागपूरच्या मिलिंदने ऑफिसने मोडीत काढलेला कॉम्प्युटर आणला आणि तिन्ही खोल्यांत केबल फिरवली. सगळ्यांच्या फायली त्याच्याच हार्ड डिस्कवर. ती दिवसभर करकरायची, आणि खोका ठेवलेला लोखंडी कपाटावर!

अक्का वर आल्या. "पिठाची गिरणी घातलीय काय रे? स्वल्प हळू दळा की."

* * *

मिलिंदने डिस्क स्पंजमध्ये गुंडाळली. आवाज गेला, पण दुपारपर्यंत ती इतकी तापली की हात लाववेना.

आमचा तिसरा भिडू दिनेश म्हणाला, "एवढ्या गोधड्यांत माणूस झोपत नाही, ती तर काम करतेय."

* * *

मग मिलिंदने सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून डिस्क खोक्यात झोक्यासारखी टांगली. एकदम शांत. त्याने अक्कांना मुद्दाम बोलावलं. त्यांनी खोक्याला कान लावला.

"चालू आहे म्हणतोस?"

"हो अक्का."

"मग आधीच का नाही केलंस?"

* * *

अण्णा छान गायचे. एका रविवारी मिलिंदने माइक लावून त्यांची गाणी डिस्कवर उतरवली. काही कानडी, काही मराठी, त्यांच्या आईची. अण्णांनी हेडफोन लावून ऐकलं आणि विचारलं, "कोण म्हातारा गातोय हा?"

अक्का म्हणाल्या, "मला कॅसेट करून दे."

"पुढच्या रविवारी नक्की."

मग प्रोजेक्टची गडबड सुरू झाली. अक्काही विचारायच्या थांबल्या. त्या पावसाळ्यात अण्णा गेले.

* * *

दिवसकार्य उरकल्यावर मिलिंद कॅसेट करायला बसला, तर एकही फाइल उघडेना. डिस्क बिघडायला लागली की आधी तिचा आवाज बदलतो. ऑफिसात तेवढ्यावरून ओळखून आम्ही कितीतरी डिस्क वाचवल्या होत्या. ही आम्ही इतकी छान गप्प केली होती की कळलंच नाही.

मिलिंद तिला घेऊन दुकानं हिंडला. काही निघालं नाही.

* * *

शेवटी त्याने अक्कांना सांगितलं. त्या वर येऊन खुर्चीत बसल्या.

"लाव बघू."

"अक्का, आता त्यात गाणं ऐकू येणार नाही."

"लाव रे."

त्याने डिस्क टेबलावर ठेवून चालू केली. टक्, टक्, टक्. मग थांबली.

अक्का मान हलवत म्हणाल्या, "गायच्या आधी घसा असाच साफ करायचे."

मिलिंद वायर काढू लागला.

"सरी, बरं," अक्का म्हणाल्या. "परत लाव."