विमानाच्या नोकरीची याद

एकोणीसशे सत्तावन्न, श्रावणातला दुसरा रविवार, सकाळचे साडेनऊ. परळ, भोईवाडा, आमच्या दोन खोल्यांपैकी बाहेरची. हजर: आई, मामा, माझा धाकटा भाऊ, आतल्या दाराशी पाटावर भावजय (सातवा महिना), विमान कंपनीचे एक अधिकारी, आणि लिहायला मी.

हे आठवून लिहिलेलं नाही. त्या दिवशीच्या कागदाच्या डोक्यावर अगदी असंच लिहिलेलं आहे. इस्पितळाच्या भांडारात इतकी वर्षं काढल्यावर तारीख आणि हजेरी टाकल्याशिवाय माझा हात पुढे सरकत नाही.

भाऊ एका लहान कंपनीत डाकोटा विमानं चालवायचा. मुंबईहून भावनगर, राजकोट, जामनगर आणि परत, अशा काठेवाडच्या फेऱ्या. त्या रविवारच्या दोन वर्षं आधी, एका सोमवारी त्याने राजीनामा दिला. ज्येष्ठतेच्या यादीत आपला नंबर खाली ढकलला, असं घरी सांगितलं आणि गिरगावात मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात देखरेखीची नोकरी धरली. आम्ही ते खरं धरून चाललो. मला तर आतून बरंच वाटलं होतं. तो उडत असे तेव्हा उतरल्यावर सांताक्रूझहून इस्पितळात फोन करायचा आणि दरवान भांडाराच्या दारात येऊन एवढंच म्हणायचा, "उतरले." तोपर्यंत मी पट्ट्यांची भेंडोळी मोजायची आणि आकडा चुकला म्हणून पुन्हा मोजायची. राजीनाम्यानंतर माझे आकडे बरोबर येऊ लागले.

पण घरात काहीतरी बिनसलं होतं. भाऊ सकाळी गॅलरीत उभा राहून गिरण्यांच्या चिमण्यांचा धूर बघायचा. धूर कुठे कलतोय, किती खाली बसतोय, हे बघून झालं की निमूटपणे डबा घेऊन निघायचा. भावजय एकदा मला म्हणाली, "दुकानातून डबा परत येतो ताई, हे येत नाहीत." ते वाक्य माझ्या मनातून जाईना. धूर बघतो म्हणजे उडायची ओढ आहे, असा अर्थ आम्ही दोघींनी काढला.

म्हणून कंपनीचे अधिकारी येतो म्हणाले तेव्हा मी नको म्हटलं नाही.

पन्नाशीचे, शांत गृहस्थ. त्यांच्याकडचे चार-पाच वैमानिक सोडून गेले होते, नवीन मुलं तयार व्हायला वेळ लागत होता आणि लहान गावांच्या फेऱ्या अडल्या होत्या. जुन्या माणसांच्या घरी ते एकेक करून जात होते. कशाने परत याल ते सांगा, मी लिहून घेतो, असं ते भावाला म्हणाले. उत्तर दिलं मामांनी.

"लिहून घ्यायला आमच्याकडे माणूस आहे," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "आमच्या घरातल्या प्रत्येक लग्नाची याद हिच्या हातची. एकाही लग्नात मानपानावरून रुसवा नाही."

ते खरं होतं. वधूवरांकडची माणसं समोरासमोर बसतात, कोणी काय करायचं ते ठरतं, त्याच्या दोन प्रती होतात, कोपऱ्यांना कुंकू लागतं आणि दोन्हीकडच्या सह्या होतात. अशी लग्नाची याद लिहिणं हे घरातलं माझं काम होतं. मी कागद घेतला, मधोमध घडी घातली आणि एक आकडा टाकला. पुढचा तासभर कामाला जी गती आली ती मला आवडली, हे कबूल केलं पाहिजे.

पहिलं कलम आईचं: मुक्काम घरीच, परगावी नाही. दुसरं ज्येष्ठतेचं, मागची सगळी वर्षं धरायची. पगाराचं कलम मामांनी घातलं. आठवड्यात फेऱ्या किती, विमा किती, पहाटे न्यायला गाडी कुठपर्यंत, गणपतीत दीड दिवस सुट्टी, अशी एकेक करत नऊ कलमं झाली. अधिकारी प्रत्येकावर थोडी घासाघीस करून मान्य करत गेले. मामांना संध्याकाळच्या सभेला जायचं होतं, त्यांनी खिशाला बिल्ला आधीच लावलेला. काठेवाडच्या फेऱ्या म्हटल्यावर ते भावाला म्हणाले, "आम्ही इथे द्विभाषिक राज्य मोडायला निघालोय आणि तू तिकडच्या गुजरात्यांना विमानात बसवून रोज इकडे आणणार. माझ्या नाकावर टिच्चून."

"परत नेऊनही सोडतो, मामा," भाऊ म्हणाला. सगळे हसले. त्या तासाभरात तो तेवढंच बोलला.

ते माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही, कारण यादीच्या बैठकीत नवरामुलगा बोलत नसतोच. तो खाली बघून बसतो, मोठी माणसं ठरवतात, आणि तो गप्प आहे म्हणजे त्याची संमती आहे असं धरतात. आईने सवयीने कुंकवाचा करंडा आणला आणि दोन्ही प्रतींच्या चारही कोपऱ्यांना बोट टेकवलं. अधिकारी हसून म्हणाले की करार नंतर टंकून येईल, पण याद म्हणून मी सही करतो. त्यांनी केली, मामांनी केली. डॉक्टरी तपासणीसाठी येता गुरुवार ठरला. पेढे वाटले. भावाने पेढा हातातच धरून ठेवला होता.

ते गेल्यावर मी तपासणीला लागणारे कागद काढायला घेतले. भाऊ गॅलरीत होता. त्याचं जुनं लायसन कुठे आहे हे विचारायला मी बाहेर गेले. तो चिमण्यांकडे बघत म्हणाला, "ताई, मी रोज इथे उभा राहून काय करतो, माहीत आहे?"

मी म्हटलं, वारा बघतोस.

"ठरवतो. आज उडालो असतो, की 'नाही' म्हणालो असतो. दोन वर्षं झाली. पावसाळ्यात दहातले तीन दिवस उत्तर 'नाही' येतं."

मग त्याने राजीनाम्याचं खरं कारण सांगितलं. काठेवाडातल्या एका धावपट्टीवर ढग फार खाली आले होते आणि तो 'आज नाही' म्हणाला होता. विमानात मुंबईला निघालेलं वऱ्हाड होतं, संध्याकाळचा मुहूर्त होता. तिथल्या माणसाने मुंबईला फोन लावला आणि वऱ्हाडासमोर रिसीव्हर त्याच्या हातात दिला. पलीकडून विचारलं, का नाही? सकाळचं विमान गेलं, मग तुम्हाला काय झालं? नवरीचे वडील हात जोडून उभे होते. तो उडाला. सांताक्रूझलाही ढग खाली होते, दुसऱ्या प्रयत्नात चाकं टेकली. कोणाला खरचटलंही नाही. वऱ्हाडाने त्याला पेढे दिले आणि पुढच्या सोमवारी त्याने राजीनामा दिला. त्या संध्याकाळी दरवानाने मला येऊन "उतरले" सांगितलं होतं, आणि मी निवांत घरी गेले होते.

"मग आज बोलला का नाहीस?" मी विचारलं.

"तुम्ही सगळे इतके खुशीत होता. हेच तर, ताई. समोर माणसं बसलेली असली की मला नाही म्हणता येत नाही."

माझ्या हातात त्याच्या शाळेच्या दाखल्याची घडी होती. नऊ कलमं लिहिली, आणि ज्याच्यासाठी लिहिली त्याला एकदाही विचारलं नाही. ज्येष्ठतेच्या कलमावर तर मी स्वतः दहा मिनिटं भांडले होते. मी आतून कागद आणला, दहा आकडा टाकला आणि म्हटलं, सांग.

त्याने सांगितलं ते असं: वैमानिक 'आज नाही' म्हणाला, तर त्या दिवशी त्याला कोणी 'का' विचारायचं नाही.

ते एवढं झालं तर येतोस का, हे मी त्याला विचारलं. एवढं झालं तर बाकीची नऊ खोडलीस तरी चालेल, असं तो म्हणाला.

आमच्या प्रतीवर दहावं कलम आलं, त्यांच्या प्रतीवर नव्हतं. सोमवारी अर्धी रजा टाकून मी कंपनीच्या कचेरीत गेले. अधिकाऱ्यांनी कागद वाचला, पेनचं टोपण काढलं आणि दहावं कलम पुन्हा वाचलं. मग टोपण लावलं.

"याच्यावर कोणी सही करणार नाही, बाई. लिहून दिलं तर उद्या कचेरीच चालणार नाही असं म्हणतील," ते म्हणाले. "पण सांताक्रूझच्या टेबलावर आता मी असतो. मुंबईचा फोन मी उचलतो. मी विचारणार नाही. माझ्यानंतरचं मला सांगता येत नाही."

मी हे शब्द बसमध्ये कागदाच्या मागे लिहून काढले आणि घरी येऊन भावाला जसेच्या तसे वाचून दाखवले. स्वतःचं मत घातलं नाही. मंगळवार गेला, बुधवार गेला. भावजय आणि मी उगीच डबे घासत होतो. गुरुवारी सकाळी भाऊ धूर बघून आत आला आणि म्हणाला, "लायसन दे. तो माणूस खोटं बोलला नाही."

तपासणी झाली, शिक्षकाबरोबरच्या फेऱ्या झाल्या, मार्गशीर्षात तो पुन्हा काठेवाडला जाऊ लागला. पुतणी तोवर दीड महिन्याची झाली होती. दोन पावसाळ्यांत तो किती वेळा 'नाही' म्हणाला याची मी नोंद ठेवलेली आहे. अशा दिवशी दरवान येऊन सांगतो, "आज निघालेच नाहीत." मी अजूनही पट्ट्या दोनदा मोजते.

यंदा महाराष्ट्र राज्य झालं. मामा पेढे घेऊन आले, भिंतीवर टांगलेली कुंकवाच्या कोपऱ्यांची याद बघून म्हणाले, "आमचं झालं. तुझं दहावं कधी होतंय?"

मी हसले, पण मला त्याच आठवड्यात कळलं होतं की ते अधिकारी ज्येष्ठाअखेर निवृत्त होतायत. सांताक्रूझच्या टेबलावर नवे गृहस्थ येणार. पावसाळा तोंडावर आहे. भावाला मी सांगितलेलं नाही, त्यालाही ठाऊक असणार. याद भिंतीवरून उतरवून मी पिशवीत घातली आहे. नव्या गृहस्थांची वेळ घेऊन दहाव्या कलमापुढे त्यांची सही मागायची आहे. दोनदा कचेरीच्या दारापर्यंत जाऊन आले. सही बाकी.