अल्पसा नव्हता तो आजार

पेपरात छापून आलं, 'अल्पशा आजाराने निधन', आणि मी सकाळी सकाळी स्वयंपाकघरात ओरडलो, "अल्पसा कुठला?" बायको धावत आली, तिला वाटलं मी पुन्हा दूध उतू घालवलं. सुवर्णा मॅडम गेल्याचं आदल्या संध्याकाळीच कळलं होतं. त्यांच्या थोरल्या भावाने, अण्णांनी, फोन केला होता, तेव्हा रडू आलं नाही. ते पेपर बघून आलं आणि त्यात निम्मा रागच होता. स्वादुपिंडाच्या कॅन्सरशी वर्षभर झगडलेली बाई, त्याला एकदाही दुसऱ्या नावाने हाक न मारणारी बाई, आणि तिच्या फोटोखाली 'अल्पसा'! म्हणून हा लेख लिहायला बसलो. अण्णा रागावतील, असं तेव्हा वाटलं. रागावू देत, म्हटलं.

सोलापुरात आम्ही एकाच कॉलेजात शिकवत होतो. त्या पेशीविज्ञान, मी मराठी. विज्ञानाशी माझा संबंध एवढाच की फ्यूज उडाला की मी मेणबत्ती शोधतो. मॅडम पूर्व भागातल्या विणकर घरातल्या, घरी तेलुगू, कॉलेजात मराठी, आणि वर्गात स्वतःची अशी तिसरीच भाषा. पेशीत लहान जीटीपीएज नावाच्या प्रथिनांचं एक मोठं कुटुंब असतं. ती बटणं आहेत, असं त्या सांगायच्या. जीटीपी नावाचा रेणू हातात आला की बटण चालू, त्याच्या तीन फॉस्फेटांपैकी शेवटचा तोडला की बंद. यातलं कुणी पेशीचा आकार आणि चाल सांभाळतं, कुणी पेशीतला माल योग्य दारात पोचवतं, आणि रास नावाचं एक (पत्रिकेतली नव्हे) पेशीला हुकूम देतं, वाढ आणि एकाची दोन हो.

हे मुलांना दाखवायला त्या घरच्या मागावरचे टॉवेल आणायच्या. एका विज्ञान दिनाला रासची भूमिका करणारा मुलगा आजारी पडला आणि मॅडमनी स्टाफरूममधून मला उचललं. काम सोपं होतं. एकापुढे एक बांधलेले तीन टॉवेल, म्हणजे ते तीन फॉस्फेट, गळ्यात घालून हात वर करून उभं राहायचं. माझा हात वर असेतो पेशी झालेली मुलं आणखी मुलांना स्टेजवर ओढणार. रास स्वतः शेवटचा टॉवेल सोडायला फार वेळ लावतो, म्हणून एक मदतनीस प्रथिन येऊन तो ओढून काढणार आणि मी हात खाली घेणार. बजावून सांगितलं होतं, शेवटचा टॉवेल सुरगाठीने बांधा. मी उत्साहाच्या भरात मारली निरगाठ. मदतनीस झालेली पोरगी ओढतेय, मी ओढला जातोय, गाठ हलत नाही, आणि मी आज्ञाधारकपणे हात वर धरून उभा! स्टेज भरलं, पडदा फाटला, प्राचार्यांची खुर्ची एका पेशीने नेली. मी हात खाली घेणार इतक्यात मॅडम माइकवरून म्हणाल्या, "सर, हलू नका. मुलांनो, नीट बघा, मदतनीस आलाय, पण गाठ सुटत नाहीये. असाही कॅन्सर होतो."

पुढे पाचेक वर्षांनी त्यांचा फोन आला. तपासणीचा अहवाल हातात होता. म्हणाल्या, "सर, तुमचीच निरगाठ निघाली." दुसऱ्या दिवशी मी गव्हांकुराचा रस घेऊन गेलो. त्यांनी तो शांतपणे पेल्यात ओतून मलाच पाजला आणि चव विचारली.

त्यांच्या घरी मात्र कुणाला हसू येत नव्हतं. भाची, अण्णांची मुलगी मेघना, लग्नाची होती, एका स्थळाशी बोलणं चालू होतं. अण्णांचं म्हणणं एवढंच, की अल्सर म्हणू, पोरीचं जमेपर्यंत. मॅडमना ते पटेना. डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, वारशाने उतरेल असं यात काही सापडलेलं नाही. माझ्या एका पेशीत नक्कल करताना एक अक्षर चुकलं, त्यात मेघनाचा काय संबंध, असं त्या पुन्हा पुन्हा विचारायच्या. भेटायला येणारे आपापली कारणं घेऊन यायचे. कुणी म्हणे उपवास केले नाहीत, कुणी म्हणे बाहेरचं खाल्लं, एका बाईंनी तर पूर्वजन्मही काढला. मॅडमनी त्यांना चहा दिला आणि सगळं रास प्रथिन समजावलं, साखर ढवळत, पहिल्यापासून शेवटपर्यंत. त्या बाई परत आल्या नाहीत.

मुलं घाबरतील म्हणून कॅन्सरचा भाग यंदा दुसऱ्या कुणाला द्या, असं कॉलेजातून सुचवण्यात आलं. मॅडम डोक्याला रुमाल बांधून वर्गावर गेल्या, मी मागच्या बाकावर बसलो. त्यांनी फळ्यावर स्वतःचाच अहवाल उतरवला. वळसंग गावची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "मॅडम, मग ही गाठ सोडवायला औषध न्हाय व्हय?"

"काही गाठींना आलंय. माझ्या गाठीवर काम चालू हाय."

"लई उशीर लावलाय की त्यांनी."

"व्हय. म्हणून तर तुला शिकवतेय."

कुणी घाबरलं नाही. तास संपल्यावर पोरं अर्धा तास प्रश्न विचारत होती. घाबरून बाहेर आलो तो मीच.

एक सांगायचं राहिलं. कॅन्सर हा शब्द आपण सगळे आवाज खाली आणून उच्चारतो. मॅडम तो भाजीवाल्याशी बोलावं तसा खणखणीत म्हणायच्या. त्या बोलू लागल्या की अण्णा उठून बोळाकडची खिडकी लावून घ्यायचे. तेरावं झाल्यावर त्याच स्थळाचे लोक भेटायला आले, मीही तिथे होतो. बोलणं सगळं तेलुगूत. मला ओ की ठो कळत नव्हतं, तरी मी समजूतदारपणे माना डोलवत होतो. त्यातली एक बहुधा चुकीच्या जागी पडली, कारण मुलाची आई माझ्याकडे चमकून बघायला लागली. मग तिने हळूच काहीतरी विचारलं. अण्णांनी घसा खाकरला... आणि त्यांच्याआधी मेघना बोलली. बराच वेळ बोलली. त्यातला मला एकच शब्द कळला, कॅन्सर, आणि तो तिने आत्याच्या आवाजात म्हटला. बोळात चादरींचे गठ्ठे सायकलवर चढवणारा माणूस थांबून आत बघू लागला. अण्णा उठले. मला वाटलं, झालं, आता खिडकी लावणार. त्यांनी खिडकीचं अर्धवट लोटलेलं दुसरं दारही ढकललं, ती सताड उघडली आणि मेघनाला हाताने खूण केली, बोल.