आत्याचं माहेरचं नाव

माझ्या आत्याने आयुष्यात एकच शब्द लिहिला, पण तो लिहायला तिला अख्खं नांदुरा गाव अपुरं पडलं. शब्द होता ‘वेणू’, तिचं माहेरचं नाव. लग्नात सासरच्यांनी ताटातल्या तांदळात ‘सरस्वती’ हे नवं नाव कोरलं आणि दुसऱ्याच दिवशी सरस्वतीबाईंनी चुलीतला कोळसा उचलून परसातल्या भिंतीवर जुनं लिहून ठेवलं. साधं लिहील तर ती आत्या कसली! तिच्या ‘व’ला दुधीभोपळ्यासारखं पोट असे, मात्रेवर पोपट बसे आणि ऊकार वेलीसारखा पानं फोडत, कोपरा वळून थेट शेजाऱ्यांच्या मोरीपर्यंत जाई. कोळसा, गेरू, कपड्यांची नीळ, हाताला लागेल ते चाले. महाराष्ट्र राज्य तेव्हा नवं होतं. निवडणूक आली, रंगाऱ्यांनी गल्लीत पक्षांची चिन्हं काढली. आत्याने सगळ्याच चिन्हांना आपल्या वेलीत गुंडाळलं. लोक विचारू लागले, “ह्या वेणूबाई कोन्या पक्षाच्या?”

पोळ्याला तर तिने बैलाच्या पाठीवरच नाव काढलं. तो तसाच तोरणाखालून मिरवला. सासरे कडाडले, “सुनंचं नाव बैलावर! गाव हासून राह्यलं!”

“काऊन चिडता बाबा?” मामा शांतपणे म्हणाले. मामा म्हणजे आत्याचे यजमान. “बैल हरपला तं कोनाचा हाय हे तरी समजीन लोकाईले.”

पण पुढे धाकट्या नणंदेला बघायला पाहुणे यायचे ठरले आणि सासऱ्यांनी फर्मावलं, “त्या रेघोट्या पुसून टाक.” आत्याने स्वतःच्या हाताने सगळ्या भिंतींना चुना मारला. नणंदेचं लग्न झालं, तरी आत्याने कोळसा पुन्हा उचलला नाही. बोलणंही कामापुरतंच उरलं.

मामा शेतात भाजीपाला, माळवं पिकवणारे, अक्षराशी वैर असलेले. एका सकाळी आत्या परसात आली, तर मामा कोळसा घेऊन भिंतीशी झटत होते. ‘व’चं पोट भलत्याच बाजूला, मात्रा खाली, आणि पोपटाचा चक्क बोकड झालेला.

“हे काय लिवलं?”

“तुहं नाव.”

“हे नाव हाय?”

“मले तं रोज असंच दिसत होतं.”

आत्या तोंडात पदर कोंबून हसली, हसता हसता रडली. सासरे पंचा खांद्यावर टाकून आले. “त्या बोकडाले शिंगं तं काढ,” एवढंच म्हणाले आणि आंघोळीला गेले. आत्याने शिंगं काढली, मग वेल काढली, आणि संध्याकाळपर्यंत शेजाऱ्यांची मोरी पुन्हा हिरवी झाली.

आता मामा नाहीत. आत्याचा भाऊ, म्हणजे माझे वडील, तेही नाहीत. मागे जळगाव जामोदहून तिला भेटायला गेलो, तर भिंती कोऱ्या होत्या. मी कोळसा पुढे केला.

“राहू दे बापू. वाचनारा गेला,” ती म्हणाली. मामांना तर अक्षरओळखही नव्हती; मी कोळसा खाली ठेवला.

थोड्या वेळाने ती हळूच म्हणाली, “मले वेणू म्हननारं आता कोनीच नाही राह्यलं. तू म्हन ना एकडाव.”

वयाने मोठ्या आत्याला नावाने हाक मारायला जीभ रेटेना. शेवटी वडील गल्लीतून मारायचे तशी हाक मारली, “वेणू!”

गुडघ्यावर हात टेकून उठत, कोवळ्या आवाजात तिने ओ दिली, “आली, आली!”