खांबाला सांगितलेली लेन्स

आमच्या थोरल्या भावजींना, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या मोठ्या भावाला, जगातली एकही गोष्ट जवळ जाऊन बघता येत नव्हती. स्वतःच्या बायकोला त्यांनी पहिल्यांदा नीट पाहिलं ते म्हणे मांडवाच्या दुसऱ्या टोकाकडून. फणस पिकला का, हे झाडाखाली न जाता पडवीतून सांगायचे आणि चुकायचे. रामनगरच्या बाजारात मासळी घ्यायची तर रस्त्याच्या पलीकडूनच बोटं दाखवायचे. मधून ट्रक गेला की पुन्हा पहिल्यापासून. अशा माणसाच्या हातात कॅमेरा आल्यावर त्यांना लांबचं जवळ आणणारी लेन्स हवी झाली, यात नवल नाही. नवल हे, की ती निवडली मी. चौथी शिकलेली, चूल आणि गोठा एवढंच कळणारी.

आमच्यात भावजयीनं थोरल्या दिरासमोर उभं राहायचं नाही, बोलायचंही नाही. म्हणून भावजी पडवीतल्या खांबाशी बोलायचे आणि मी दाराआडून ऐकायची. घरातली बाकीची माणसं लेन्सचं नाव निघालं की उठून जात. खांबाला आणि मला जाता येत नव्हतं. बेळगावच्या दुकानदारानं ओळखीवर दोन लेन्स वापरून बघायला दिल्या होत्या; पुढच्या बाजारापर्यंत एक ठेवायची, एक परत करायची.

"खांबा, ऐक," भावजी सांगायचे. "ही एकाच मापाची. हलकी हाय, उजेड बक्कळ घेती. पण समोरचा म्होरं-मागं झाला की आपणबी पळायचं. ही दुसरी झूम. कडं सरकवलं की बसल्या जागी लांबचं जवळ. पण जड, आणि हिला ऊन लागतं. आणखी एक. लांबचं जवळ येतं, तसा हाताचा कापबी जवळ येतो."

झूमवर सत्तर ते दोनशे दहा असे आकडे होते. मी ते फूट समजले आणि धुणं वाळवायची दोरी त्या टप्प्यातून काढून गोठ्यामागं नेली.

खरी अडचण सासूबाईंची होती. आम्ही त्यांना आत्ती म्हणायचो. त्या थकत चालल्या होत्या आणि त्यांचा एकही फोटो नव्हता. कॅमेरा दिसला की तोंडावर पदर घेऊन गोठ्यात शिरायच्या. "मेल्यावर काढ," म्हणायच्या, "तवा मी हलणार न्हाई." भावजी हसायचे, पण त्या दिवशी नीट जेवायचे नाहीत.

शेवटी मीच दाराआडून तोंड उघडलं. "खांबा, त्यांना सांग, आत्ती एका जागी बसतात व्हय? घटकेत अंगणात, घटकेत परसात. सरकणारीच ठेवा म्हणावं."

पडवीत लेन्सचं कडं दोनदा सरकल्याचा आवाज आला. मग भावजी म्हणाले, "खांबाला अक्कल हाय."

ठरलं असं, की भावजींनी गवताच्या गंजीमागं बसायचं, काप येऊ नये म्हणून लेन्स भाताच्या पोत्यावर टेकवायची, आणि मी उडीद निवडायच्या निमित्तानं आत्तींना उन्हात आणायचं. सगळं जमलं आणि नेमकी तेव्हा माझी अक्कल जागी झाली. लेन्सनं लांबचं जवळ येतं. म्हणजे भावजी आता माझ्यापासून हातभर! मी पदर ओढला आणि गंजीकडं पाठ करून बसले, ती बरोबर आत्तींच्या पुढं. भावजींना "बाजूला हो" म्हणता येईना. ते खोकले. मी पदर आणखी ओढला. ते आणखी खोकले.

आत्तींनी सूप खाली ठेवलं. "अगं, त्यो सकाळधरनं गंजीमागं बसलाय, मला दिसत न्हाई व्हय? पण तू पदर कशाला घेतीस एवढ्या लांबनं?"

"लेन्सनं जवळ येतंय, आत्ती."

आत्तींनी माझ्याकडं पाहिलं, गंजीकडं पाहिलं, आणि मग ती बिनदातांची बाई अशी हसली, की दारातल्या कोंबड्या पळाल्या.

फोटोत ते हसू आहे आणि निम्म्या जागेत माझी पाठ.

पुढच्या वर्षी आत्ती गेल्या. तोच फोटो मोठा करायचा ठरला. फोटोवाला म्हणाला होता, ही पाठ कापून टाकतो. भावजींनी घरी येऊन माझ्या नवऱ्याला सांगितलं, पण दाराकडं बघून, जरा मोठ्यानं, "न्हाई म्हटलं त्याला. त्या पाठीमुळंच आई हसलीया."

मी आतून बांगड्या वाजवल्या. आमच्यात तेवढं पुरायचं.