मामीने चाखलेला समुद्र

तापीच्या पाण्याखेरीज जगात दुसरं पाणी पिण्यालायक आहे, हे माझ्या दापोऱ्याच्या मामीला आजवर कुणी पटवू शकलेलं नाही. पहिला घोट ती तोंडात घोळवते, डोळे मिटते आणि निकाल देते. त्या निकालावर अपील नसतं. बऱ्हाणपुरात, शनवाऱ्यातल्या आमच्या घरी मी मोठ्या हौसेने पाणी शुद्ध करण्याचं यंत्र बसवलं, तेव्हा तिने एक घोट घेऊन पेला हलकेच खाली ठेवला आणि म्हणाली, "बापू, याचा जीव गेला रे." ती हे अशा सुरात म्हणाली, की माझी बायको त्या यंत्राकडे सुतक पाळल्यासारखी बघू लागली. तेव्हापासून मामी आमच्याकडे येताना स्वतःची बाटली घेऊन येते.

आमच्याकडे मुलगी द्यायची तर आधी त्या गावचं पाणी बघायची रीत आहे. हल्ली बहुतेक लोक नळ आहे का, एवढंच विचारतात. मामी मात्र जाऊन चाखते. तिच्या थोरल्या लेकीच्या वेळी मुलगा देखणा होता, केळीचा बाग मोठा होता, पेढेसुद्धा तोंडात गेले होते. मामी परसातल्या विहिरीवर जाऊन आली आणि भर बैठकीत म्हणाली, "मानसं गोड हायेत, पन पानी खारं हाये. डाळ नाही शिजनार, अन् बोलनी माह्या पोरीले बसतीन." एवढं बोलून ती पदर सावरून गाडीत जाऊन बसली. मामा मागून चपला शोधत आले.

धाकटी पूनम. तिला पोहायला मामीनेच शिकवलं, तापीत, केळीचा खांब पोटाशी बांधून. पोरगी हॉटेलचं शिक्षण घेऊन भूमध्य समुद्रातल्या एका बेटावर नोकरीला गेली, स्वयंपाकघरात रमली नाही, आणि तिथल्या किनाऱ्यावर बुडणाऱ्यांना वाचवण्याच्या कामाला लागली. काम उन्हाळ्यापुरतं असायचं. यंदा मात्र हॉटेलवाले म्हणाले, आता कायमचीच राहा. पूनमने फोन करून विचारलं, "आई, हो म्हणू का?" मामी म्हणाली, "पानी पाहीन, मंग सांगीन." आईचा शब्द पूनमने कधी मोडला नव्हता. बिचारीच्या तोंडचं पाणी पळालं, पण तिने तिकिटं पाठवली. मामा केळीला पाणी द्यायला मागे राहिले आणि इंग्रजी येतं या गुन्ह्याखाली मला मामीबरोबर धाडण्यात आलं.

पूनम राहायची त्या गावचा मोठा किनारा बघून माझे डोळे दिपले. पांढरी बारीक वाळू, निळंशार पाणी, रंगीत छत्र्या. मामीने वाळू मुठीत घेऊन चोळली. "टरबुजं मस्त येतीन," ती म्हणाली. मग तिला उन्हात पसरलेली माणसं दिसली. बऱ्हाणपूरच्या उन्हाळ्यात कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही आणि गरम वाऱ्याची लू लागू नये म्हणून आम्ही खिशात कांदा ठेवून हिंडतो. मामीने लगोलग पिशवीतून कांदा काढला आणि एका लालबुंद झालेल्या आजीबाईच्या तळहातावर ठेवून तिला मराठीत बजावलं, "जवळ राहू दे. अन् सावलीत सरक." त्या बाईने हरखून कांद्याचा फोटो काढला आणि खरंच सावलीत सरकली.

मग मामी कामाला लागली. उन्हाळ्यात तापी आटली, की आमच्याकडे नदीच्या वाळूत हाताने झिरा खणतात. खड्ड्यात खालून गाळलेलं, गोड पाणी पाझरतं. मामीने समुद्रापासून जरा दूर बसून तसाच झिरा खणला, पाणी आलं, तिने चाखलं आणि थुंकलं. "खारं."

"आई, अगं समंदर आहे तो! खारट नाही तर काय राहील? सगळे देखून राहिले यार," पूनम म्हणाली.

"देखू दे. समुद्र असंल, पन वाळू पानी गाळते," मामी म्हणाली आणि दुसरा किनारा दाखव म्हणून उठली.

मग आम्ही ते बेट पालथं घातलं. कधी होडीने, कधी बकऱ्यांच्या पायवाटेने, कड्यांच्या कुशीत लपलेल्या इवल्या इवल्या किनाऱ्यांवर गेलो. तिथे लोक चित्रातल्यासारखं पाणी बघून गप्प होत होते आणि मामी पदर खोचून खणत होती. वाळूचा किल्ला करतेय असं समजून कुणी तिला टाळ्या वाजवून दाद दिली, तेव्हा तिने मानाने ती स्वीकारली. पण निकाल प्रत्येक ठिकाणी तोच होता आणि प्रत्येक निकालागणिक पूनमचा चेहरा उतरत होता. आईला उलटून बोलायची तिची तयारी नव्हती, आणि ते बेट सोडायचीही नव्हती.

आम्ही निघायच्या आदल्या दिवशी पूनम मोठ्या किनाऱ्यावर कामावर होती. उंच लाकडी खुर्चीवर ती बसलेली, गळ्यात शिट्टी. खाली मामीचा शेवटचा झिरा चालू होता. वारा वाढला. पूनमने शिट्टी फुंकली आणि अख्खा समुद्र मुकाट्याने बाहेर येऊ लागला. एक थोराड माणूस तेवढा लाटेने आत ओढला गेला. पूनमने उडी घेतली. हातात नारिंगी तरंगता ठोकळा होता, तो तिने त्याच्या पोटाखाली सरकवला, अगदी केळीच्या खांबासारखा, आणि त्याला ओढत काठाला आणलं. किनाऱ्यावर टाळ्या सुरू झाल्या. मामी वाळूने माखलेल्या हातांनी उभी होती.

"बापू, हे सगळे तिचं ऐकतात?"

"सगळे, मामी."

"तिच्या बापाचं एक बैल ऐकत नाही रे," ती म्हणाली. मग शेजारच्या अनोळखी बाईचा दंड धरून तिने स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि मराठीतच सांगितलं, "माही पोरगी. मी शिकवली. तापीत." त्या बाईला काय कळायचं ते कळलं असावं, कारण तिने मामीला मिठी मारली. माझी छाती तर उगाचच फुगली होती. जणू शिकवणी मीच घेतली होती.

पूनम निथळत आमच्याकडे आली. तिने आधी आईच्या पायाशी असलेल्या खड्ड्याकडे पाहिलं, मग आईकडे. "सांग आई. कसं आहे?"

मामी खाली बसली. तिने ओंजळभर पाणी घेतलं, तोंडात घोळवलं, डोळे मिटले. आणि या वेळी ते गिळलं.

"गोड हाये," ती म्हणाली. "राहा बिनधास्त."

पूनम रडत तिच्या गळ्यात पडली. मला राहवेना. मीही वाकून एक घोट घेतला. नुसतं मीठ. मामीने पूनमच्या खांद्यावरून माझ्याकडे फक्त एकदा पाहिलं. मीही गिळलं.

आता दापोऱ्यात कुणी विचारलं, की मामी ताठ मानेने सांगते, "पानी पाहूनच ठेवली पोरगी." कुणी शंका घेत नाही. पाण्याबाबत ती कधी खोटं बोलली नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. परवा मी गेलो तेव्हा तिने माठातून पेला भरला आणि पहिला घोट बराच वेळ तोंडात धरला.

"तिथं पोरीची तहान भागत असंल का रे?"

"मामी, तूच म्हणालीस ना, गोड आहे."

"होतंच," ती म्हणाली, आणि दुसरा पेला भरून माझ्यापुढे ठेवला.