टाइल्सचा संडास

मला किळस लवकर येते. सुरतेच्या पांडेसरा गिरणी वस्तीतल्या शाळेत शिकवायला लागले तेव्हा मागच्या खाडीतलं डाइंग मिलचं लाल-निळं पाणी पाहून माझ्या घशाखाली घास उतरत नसे. पण खरी शिसारी मला आली ती शाळेतल्या सगळ्यांत स्वच्छ कोपऱ्याची.

शाळा मराठी माध्यमाची, मुलं बहुतेक खानदेशातून आलेल्या मिल कामगारांची. ती उभी केली एका अमेरिकन मेथडिस्ट मिशनरी बाईने. आम्ही तिला मिस म्हणायचो. तिची हयात गुजरातेत गेली होती. गुजराती ती फाडफाड बोलायची, मराठीत फक्त रागवायची. मोठ्या मुली शाळा का सोडतात हे तिने घरोघर जाऊन विचारलं आणि आपल्या गावच्या चर्चमधल्या बायकांकडून पैसे आणून मुलींसाठी संडास बांधला. पांढऱ्या टाइल्स, नळ, दाराला आतून कडी. मग ती वर्षभराच्या रजेवर मायदेशी गेली आणि कारभार स्थानिक कमिटीच्या हाती आला.

चौऱ्याण्णवच्या प्लेगनंतर सुरतेला स्वच्छतेचं वेड लागलं होतं. सारखं कोणी ना कोणी पाहणीला यायचं. पाहुण्यांना दाखवायला चकाचक राहावा म्हणून कमिटीच्या अध्यक्षांनी त्या संडासाला कुलूप ठोकलं. मी चावी मागून मागून थकले. पोरी टाइल्स घाण करतील, हे एकच उत्तर. पाहुणे आले की कुलूप निघायचं, आत अगरबत्ती लागायची, साहेब डोकावून वाहवा करायचे. संडासात अगरबत्ती. मुली खाडीकाठच्या बाभळींआड जायच्या आणि समोरच्या मिलच्या गच्चीवरून टवाळ त्यांना खडे मारायचे.

माझ्या सातवीच्या वर्गातली सगळ्यांत हुशार मुलगी शाळेत पाण्याचा घोट घेत नसे. तरी मधल्या सुट्टीत तिला घर गाठावंच लागे. मी तिच्या घरी गेले तेव्हा तिची आई चूल सारवत होती. मान वर न करता म्हणाली, "दुफारले घर येस ती, मंग परत जास नही. बाप म्हणस, आते घरच बठू दे." मी हातापाया पडून मिस येईपर्यंतची मुदत मागून घेतली.

मिस परतली ती निवृत्त होऊन, सामान आवरायला. निरोप समारंभात मंडप, हार, नगरसेवक, सगळा थाट. तिला चहा देताना मी कुलपाचं कानात सांगितलं. अध्यक्ष तिच्या त्यागावर बोलत होते. गळ्यात हार तसाच ठेवून ती उठली आणि माइकपाशी जाऊन तिने त्यांना विचारलं, "चावी क्यां छे?"

कार्यक्रमानंतर पाहुण्यांना दाखवूच, असं ते हसून म्हणाले. तिने हात पुढे केला तो मागे घेतला नाही. शेवटी खिशातून चावी निघाली. तिने दार उघडून माझ्या त्या सातवीतल्या मुलीला सगळ्यांत आधी आत पाठवलं. मागे मुलींची ही लांबच लांब रांग लागली. पाहुणे रुमाल नाकाशी धरून दुसरीकडे बघत होते. अध्यक्षांनी भाषण पुढे चालू केलं. आत बादली ओतून टाइल्स धूत होती ती मिसच.

त्याच आठवड्यात तिचं विमान गेलं. दुसऱ्या दिवशी दाराला नवं कुलूप होतं, पहिल्यापेक्षा मोठं. मी कमिटीपुढे भांडले तर माझीच नोकरी जाते की राहते अशी वेळ आली. मुलीचा बाप दाखला घेऊन गेला. आईने तिला घरी साड्यांना लेस लावायला बसवलं.

बाप दाखल्यावर सही घेऊन गेला त्याच दिवशी अध्यक्षांनी माझ्यासाठी चहा मागवला. मोठ्या सहानुभूतीने म्हणाले, "बेन, तुमच्या खानदेशी लोकांना पोरी शिकवायची हौसच नाही."